बाजार ते बाजार : एका निवांत आठवड्याचा ताळेबंद

शेतकऱ्याच्या वर्षात काही आठवडे सर्वांच्या स्मरणात राहतात. पेरणीचा आठवडा आठवतो, सुगीचा आठवतो, अवकाळी पावसाने गाठलेला आठवडा तर जन्मभर विसरत नाही. परंतु वैशाखातील एखादा साधा आठवडा, ज्यात शेतात नांगरट संपलेली असते, घरात लग्नकार्य नसते, आकाशात ढग नसतो, तो मात्र कोणाच्याच ध्यानात राहत नाही. "काय विशेष घडले?" असे विचारले तर "काही नाही, घरीच होतो" असे उत्तर मिळते.

हे उत्तर खरे नाही. धान्य टिकणार की किडणार, बियाणे उगवणार की दुबार पेरणी करावी लागणार, खत शेतात जाणार की चुलीत, आणि घरच्या गृहिणीची शक्ती पुढील हंगामापर्यंत पुरणार की नाही, या सर्व गोष्टींचा निर्णय बहुधा अशाच निवांत आठवड्यात, कोणाच्या नकळत होऊन जातो. यास्तव असा आठवडा संपल्यावर घरातील सर्वांनी मिळून अर्धा तास मागे वळून पाहावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

आठवडा कोठून मोजावा?

खेडेगावातील आठवडा बाजाराच्या दिवशी सुरू होतो आणि पुढच्या बाजाराला संपतो. मीठ-मिरची, तेल, चपला, औषध, उसनवारीची फेड या सर्वांचा हिशेब "या बाजारापासून त्या बाजारापर्यंत" असाच चालतो. म्हणून आपणही तेच माप घेऊ. रविवारी बाजार भरणारे एक गाव डोळ्यांसमोर आणावे. गाव बार्शी-धाराशिवच्या पट्ट्यातील. काळी जमीन, खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत ज्वारी. घरात सहा माणसे : आजी, शेतकरी, त्याची पत्नी, दोन मुली व एक मुलगा. गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि वासरू. हे घर कोणा एका कुटुंबाचे वर्णन नव्हे. या भागातील अनेक घरांत जे घडते ते येथे एका घराच्या निमित्ताने मांडले आहे.

रविवारी बाजाराहून परतल्यावर या घरात दोन लहान गोष्टी झाल्या. सुनेने कुरडयांसाठी गहू भिजत घातले. आणि थोरल्या मुलीने शाळेत पाहिलेला एक प्रयोग करून पाहिला : घरच्या सोयाबीनच्या बियाण्यातून निवड न करता सरसकट १०० दाणे मोजून घेतले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, वर दुसरे ओले गोणपाट पसरले आणि गुंडाळी करून ती सावलीत ठेवली. अशा तीन गुंडाळ्या केल्या. रोज थोडे पाणी शिंपडायचे आणि शनिवारी संध्याकाळी उघडून पाहायचे, असे ठरले. वडील हसून म्हणाले, "आपलेच बियाणे, त्याची काय परीक्षा घ्यायची?" पण त्यांनी मुलीला अडवले नाही.

सोमवार : ज्वारीला ऊन

सोमवारी अंगणात ताडपत्री पसरून ज्वारी वाळत घातली. ज्वारी मालदांडी, म्हणजे मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड झालेल्या आणि या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या वाणाची. वर्षभराच्या भाकरीसाठी ८ क्विंटल घरात ठेवायची होती.

साठवणुकीच्या ज्वारीत ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा. घरी यंत्र नसले तरी दात आहेत. दाणा दाताखाली धरावा. "कट्" असा आवाज होऊन तो फुटला तर वाळला असे समजावे, दबला किंवा चेपला तर अजून ऊन द्यावे. आजींनी दाणा चावून पाहिला आणि म्हणाल्या, "अजून एक ऊन पाहिजे." सूनबाईने दुपारी आणखी एक सूचना पाळली, ती पुष्कळ घरांत पाळली जात नाही. उन्हातून उचललेले गरम धान्य तिने तसेच कोठीत भरले नाही; रात्रभर सावलीत निवू दिले. गरम धान्य बंद केले की आतल्या आत बाष्प धरते, त्याने बुरशी येते व सोंड्यांना आयतेच घर मिळते.

जुन्या गोण्या उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवल्या. कोठीच्या सांदीकोपऱ्यांत गेल्या वर्षीचे दाणे राहिले होते ते खरवडून काढले, कारण नव्या धान्यात कीड येते ती पुष्कळदा त्या जुन्या मूठभर दाण्यांतून येते. गोण्या भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावयाच्या असे ठरले.

या मेहनतीची किंमत किती? क्विंटलमागे ५ किलो ज्वारी किडीने खाल्ली असे धरले तरी ८ क्विंटलांत ४० किलो धान्य जाते. ज्या घरात रोज २ किलो पीठ लागते, त्या घरातील ही २० दिवसांची भाकरी होय.

पूर्वी या प्रदेशात धान्य पेवात ठेवीत. पेव बंद झाले की आतील धान्य व कीड श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपवीत, मग कीड आपोआप मरे. पेव उघडताच त्यात उतरलेला माणूस गुदमरण्याचा धोका असे तोही याच कारणाने. आज मिळणाऱ्या हवाबंद पिशव्या याच तत्त्वावर चालतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली पुसा कोठीही तशीच. तिच्या मातीच्या भिंतीत प्लॅस्टिकचा थर घातलेला असतो, त्यामुळे दमट हवा आत शिरत नाही. मात्र धुरीच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो, आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीवाचून त्या वापरण्यास मनाई आहे.

मंगळवार : तुरीवरील पांढरे ठिपके

मंगळवारी तुरीचे पोते उघडले. वरवर दाणे स्वच्छ होते. धाकट्या मुलीची नजर तीक्ष्ण. तिने दाण्यावर चिकटलेले बारीक पांढरे ठिपके दाखवले. ती भुंगेऱ्याची अंडी होती. कडधान्याचा भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि धान्याबरोबर घरात येतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अंड्यातून निघालेली अळी दाण्यात शिरते व आतून दाणा पोखरते. बाहेर गोल भोक दिसू लागते तेव्हा नुकसान होऊन चुकलेले असते.

उपाय घरातच होता. खाण्यासाठी ठेवावयाच्या तुरीपैकी बहुतेक तुरीची डाळ करून टाकावयाची असे ठरले. या भुंगेऱ्याला वाढीस अख्खा दाणा लागतो, डाळीत त्याचा निभाव लागत नाही. जी थोडी तूर अख्खी ठेवावयाची होती तिला ऊन देऊन, किलोमागे ५ मिलिलिटरच्या सुमारास खाद्यतेल चोळले. तेलाचा पातळ थर बसला की दाण्यावर अंडी टिकत नाहीत. भुईमुगाच्या शेंगांतील बुरशी आलेले दाणे मात्र वेगळे काढून फेकून दिले. ते गुरांनाही घातले नाहीत, कारण त्या बुरशीचे विष शिजवल्याने किंवा भाजल्याने जात नाही.

बुधवार व गुरुवार : कुरडयांची सावड

तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेले गहू बुधवारी वाटून चीक काढला आणि रात्रभर निवळत ठेवला. गुरुवारी पहाटे चार वाजता चूल पेटली. चीक शिजवताना एकीने ढवळावे, दुसरीने पाणी घालावे, तिसरीने सोऱ्या दाबावा आणि चौथीने कुरडया घालाव्या, असे हे काम एकटीदुकटीचे नव्हे. म्हणून आळीतील चार घरांची सावड होती. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे.

या सावडीत वर्षाचे वाळवण होते, परंतु त्याहून पुष्कळ काही होते. कोणाच्या मुलीचे शिक्षण थांबले आहे, कोणत्या विहिरीचे पाणी गढूळ येत आहे, कोणाच्या बाळंतिणीला अशक्तपणा आहे, ही सर्व माहिती त्या चुलीभोवती फिरते. ज्या ग्रामसेविकेला गावाचे खरे दुखणे कळून घ्यावयाचे असेल तिने सभा बोलावण्याआधी अशा एका सावडीत सोऱ्या दाबावयास बसावे.

शुक्रवार : शेण कोणाचे, चुलीचे की शेताचे?

शुक्रवारी सकाळी गोवऱ्या थापावयाचे काम होते. घरात गॅसची शेगडी आहे. परंतु अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि मोठा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. त्यामुळे गोठ्यातील जवळजवळ निम्मे शेण गोवऱ्यांत जाते.

चांगल्या शेणखताच्या एका टनात सुमारे ५ किलो नत्र असते. गोवरी जळाली की हे नत्र धुरात जाते, राखेत उरत नाही. शिवाय शेणखत जमिनीला जी भुसभुशीत घडण देते व पाणी धरून ठेवण्याची शक्ती देते, ती कोणत्याही पोत्यातून मिळत नाही. याचा अर्थ गोवऱ्या एका दिवसात बंद कराव्यात असा नव्हे. गोबरगॅस हा उत्तम मार्ग आहे, परंतु २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. या घरात तेवढी जनावरे नाहीत. ज्या घराला जे शक्य नाही त्याचा आग्रह कार्यकर्त्याने धरू नये.

येथे साधा मार्ग निघाला. अंघोळीच्या पाण्याचा बंब तुरीच्या काड्या-तुराट्यांवर तापवावयाचा, आणि त्यामुळे वाचलेले शेण खड्ड्यात टाकावयाचे. खड्डा उघड्यावर होता. उन्हाने शेण सुकून त्यातील नत्र उडून जात होते. तो झाडाच्या सावलीत घेऊन, शेण, काडीकचरा व मातीचा पातळ थर असे एकावर एक रचावयाचे ठरले.

शनिवारची संध्याकाळ : मागे वळून पाहणे

शनिवारी दिवेलागणीनंतर, उद्याच्या बाजाराची यादी करावयास घरातील सर्वजण ओसरीवर बसले. त्याच वेळी गोणपाटाच्या गुंडाळ्या उघडल्या. पहिलीत ६१ दाण्यांना जोमदार कोंब आले होते, दुसरीत ६४, तिसरीत ६१. सरासरी ६२. शिफारशीप्रमाणे ७० टक्के उगवणशक्तीच्या बियाण्याचे प्रमाण एकरी ३० किलो आहे. ६२ टक्के उगवणीस ते सुमारे ३४ किलो होते. दोन एकरांसाठी घरात ६० किलो बियाणे राखून ठेवले होते. लागणार होते ६८ किलो.

"कमी कसे काय उगवले?" वडिलांनी विचारले. उत्तर त्यांनीच शोधले. सोयाबीनच्या दाण्याचे साल अत्यंत पातळ असते व कोंब त्याच्या लगत असतो. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला गेला होता, आणि बियाण्याची पोती ट्रॉलीवरून खाली टाकली गेली होती. दर आदळण्याबरोबर काही दाण्यांचा जीव गेला. बाहेरून ते दाणे तसेच दिसत राहिले.

ही गोष्ट वैशाखात कळली म्हणून तिचे फक्त ८ किलो बियाण्यावर निभावले. मृगात, पेरणी झाल्यावर विरळ उगवण पाहून ती कळली असती तर दोन एकरांची दुबार पेरणी, पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी आणि गेलेली वाफ, एवढे मोल द्यावे लागले असते. उगवण ६० टक्क्यांखाली आली तर ते बियाणे पेरण्याऐवजी बदलणे हितावह होय.

बियाणे राखणे हे मुळात घरातीलच, आणि बहुधा घरातील स्त्रीचेच, शास्त्र आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली व २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाची सुरुवातही घरातूनच झाली, हे प्रत्येक घराने ध्यानात घ्यावे.

दिसत नसलेले काम

ज्वारी, तूर, शेण व बियाणे यांचा हिशेब थोरल्या मुलीने जुन्या वहीत उतरवला. मग आजी म्हणाल्या, "सगळ्याचे लिहिलेस, आईचे लिही."

मुलीने लिहावयास घेतले. पहाटे चार ते रात्री दहा. नळाला दिवसाआड पाणी, म्हणून उरलेल्या दिवशी विहिरीवरून १४ हंडे. हंडा १५ लिटरचा, म्हणजे २१० लिटर पाणी डोक्यावरून. धान्य पसरणे, फिरवणे, गोळा करणे. गोवऱ्या. तीन वेळा स्वयंपाक. गोठा. धाकट्याचा ताप. सर्व लिहून झाल्यावर पानात जागा उरली नाही. वडिलांच्या नावापुढे त्या आठवड्यात चार कामे होती आणि मुलाच्या नावापुढे एकही नव्हते. दोघी मुलींच्या नावापुढे मात्र पाणी, केर व भांडी रोजची होती. कोणी कोणाला दोष दिला नाही. वही पुढे ठेवल्यावर त्याची गरजही उरली नाही.

हे चित्र एका घरापुरते नाही. केंद्र शासनाच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरासाठी विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. शेतातील काम यात धरलेले नाही.

आपल्या दिवसाकडे मागे वळून पाहण्याची रीत आपल्या स्त्रियांना नवी नाही. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी पहाटे जात्यावर बसून त्या ओव्यांतून आपले सासर-माहेर, कष्ट, लेकरे व पाऊसपाणी यांचा हिशेबच मांडीत असत. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आहेत. दळणाचे कष्ट गेले ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र जात्याबरोबर तो हिशेब ऐकण्याची वेळही गेली. शनिवारच्या संध्याकाळचा अर्धा तास त्या जागी यावा, आणि या वेळी पुरुषांनीही तो ऐकावा.

त्या घरात ठरले ते फार मोठे नव्हते. विहिरीचे पाणी सोमवारपासून वडील व मुलगा सायकलवरून आणतील. मुलगा स्वतःचे ताट स्वतः घासेल. गुरुवारसारख्या सावडीच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक सुनेकडे राहणार नाही. पिठले-भाकरीचे पाहण्याचे आजींनी मुलींना व वडिलांना सांगितले. बाजाराच्या यादीत ८ किलो बियाण्याची चौकशी, हवाबंद पिशव्या आणि सुनेच्या पायांसाठी चपला, अशा तीन गोष्टी नव्याने आल्या. चपला गेल्या चार बाजारांपासून राहून जात होत्या.

कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा ग्रामसेवकाकडून अपेक्षा होती ती अशी की, त्याने शेत आणि घर हे दोन वेगळे विषय मानू नयेत. ही अपेक्षा आजही तितकीच योग्य आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व बचत गटांच्या भगिनींनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

१. वैशाखात प्रत्येक वाडी-वस्तीवर एका घरी उगवणशक्तीची चाचणी सर्वांसमक्ष घालावी व सहा-सात दिवसांनी सर्वांसमक्षच उघडावी. भाषणापेक्षा कोंब अधिक पटतो.

२. साठवणुकीची माहिती घरातील पुरुषांना देऊन थांबू नये. कोठी भरणारे हात ज्यांचे आहेत, माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

३. आठवड्याचा ताळेबंद मांडावयास कोणताही छापील नमुना देऊ नये. जुनी वही व चार रकाने पुरेत : धान्य, बियाणे, खत, आणि माणसांचे कष्ट. चौथा रकाना कोणी गाळणार नाही, एवढे पाहावे.

४. वहीत निघालेल्या उणिवांबद्दल चारचौघांत कोणाला लाजवू नये. घराचा हिशेब घरातच राहावा. तरच तो पुढील आठवड्यातही मांडला जाईल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते. त्यानंतर मागे पाहावयास कोणालाही उसंत मिळणार नाही. तोवर जे निवांत आठवडे हाती आहेत त्यांपैकी एका शनिवारी दिवेलागणीनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे, लिहिता येणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती वही द्यावी, आणि पहिल्याने जिचे काम कोणी कधी लिहिले नाही तिच्या कामापासून सुरुवात करावी.